कुठेही बंद करा, कुठेही चालू करा

ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलेली आहे.

आणि एक आधीच सांगून टाकतो. यात मध्यरात्र नाही, सुनसान रस्ता नाही, पडका बंगला नाही. हे सगळं भर दुपारी घडलं, रहदारीच्या गल्लीत, औषधाच्या दुकानासमोर. ज्यांना भुतं फक्त अंधारात लागतात, त्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल.

मामा मेकॅनिक आहे. पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं गॅरेज. एका बाजूला लाँड्री, समोर टायरवाला. नव्या गाड्यांना तो हात लावत नाही. "कॉम्प्युटर जोडूनच दुखणं विचारायचं तर मी कशाला हवा?" म्हणतो. जुन्या गाड्या मात्र त्याच्याकडे लांबलांबून येतात. आणि हा माणूस भित्रा अजिबात नाही. घरात साप निघाला तर आधी चष्मा शोधेल, मग काठी, आणि दोन्ही नाही सापडलं तर चहा पिऊन घेईल.

त्याचा कामाचा एक नियम होता. गाडीला दुखणं ज्या अवस्थेत होतं, त्याच अवस्थेत ती तपासायची. चढावर बंद पडते? चढावर नेऊन बघा. पावसात पडते? भिजवून बघा. तापल्यावर पडते? तापवून बघा.

हा नियम त्याने एकदाच मोडला.

एक ताई त्याच्याकडे गाडी घेऊन यायच्या. कपडे शिवायचं छोटं दुकान होतं त्यांचं. लग्न केलं नव्हतं, थोरल्या भावाबरोबर राहायच्या. त्याला त्या दादा म्हणत, म्हणून मामाही दादाच म्हणायचा. दादाचा जन्म छापखान्यात गेला आणि फुप्फुसं तिथेच राहिली. दमा होता. पण बोलणं एकदम खुसखुशीत. गाडी चालवायच्या ताई, हे शेजारच्या सीटवर बसून हुकूम सोडायचे.

गाडी फिकट पिवळी, चार दारांची, माझ्यापेक्षा वयाने मोठी. तिला एक खोड लागली होती. सकाळी थंड असताना पहिल्याच सेल्फला चालू व्हायची. चांगली चालायचीही. पण तापलेली असताना बंद केली, की संपलं. सेल्फ फिरायचा, इंजिन काही घ्यायचं नाही. अर्धा-पाऊण तास थांबलं, गाडी निवली, की पुन्हा जसं काही झालंच नाही अशी चालू.

त्यामुळे ताई बाहेर कुठे गाडी बंदच करायच्या नाहीत. कामाला उतरल्या तरी इंजिन चालू, किल्ली आत, आणि दादा राखणीला.

"मिस्त्री, आमच्या दोघांत आधी कोण बंद पडतंय बघू," दादा म्हणायचे. "मी की गाडी."

मामाने ती गाडी दुरुस्तीला घेतली. प्लग बदलले, कार्बोरेटर साफ केला. लांब चक्कर मारून तापवली. शेडमध्ये आणून बंद केली. मग डबा खाल्ला, हात धुतले, सेल्फ मारला.

झाली चालू!

आता यात चूक कुठे, असं तुम्ही विचाराल.

बॉनेट उघडं होतं.

मेकॅनिकच्या हाताला सवयच असते ती. गाडी शेडमध्ये आली की बॉनेट वर. पण बंद केलेलं इंजिन लगेच थंड होत नाही, उलट थोडा वेळ आणखी तापतं. आतलं पाणी फिरायचं थांबतं, पंखा थांबतो, आणि झाकलेल्या बॉनेटखाली सगळी धग कोंडून राहते. जुनं दुखणं तेव्हाच डोकं वर काढतं. बॉनेट उघडं ठेवलं तर धग निघून जाते आणि दुखणंही लपतं.

मामाला हे माहीत नव्हतं असं नाही. शिकाऊ पोरांना तो हेच घोकून घ्यायचा. बॉनेट खाली पाडून, पुन्हा चक्कर मारून, पुन्हा थांबायला हवं होतं. त्याच्या ते डोक्यातही आलं होतं. पण ऊन मी म्हणत होतं, पत्रा तापला होता, डोळ्यांवर जेवणाची झापड होती.

"चालतेय की," तो स्वतःशीच म्हणाला.

संध्याकाळी ताई आल्या. "आता बंद केली तर चालेल ना हो? पक्कं?"

"अहो ताई, बिनधास्त न्या. कुठेही बंद करा, कुठेही चालू करा."

एवढंच बोलला तो. एवढंच.

त्यानंतर काही दिवसांनी ती पिवळी गाडी पुन्हा शेडमध्ये शिरली. ताई एकट्याच होत्या. इंजिन चालू ठेवून उतरल्या आणि दाराला धरून उभ्या राहिल्या.

मामा हात पुसत बाहेर आला. "काय ताई, आज राखणदाराला सुट्टी?"

ताई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "दादा गेला."

मामाच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"दुपारी धाप लागली त्याला. दवाखान्यात निघालो होतो. दम्याच्या औषधाचा पंप संपलेला, म्हणून वाटेत दुकानासमोर थांबवली. एरवी मी चालूच ठेवली असती हो गाडी. पण तुम्ही म्हणाला होतात ना... म्हणून बंद केली. किल्ली घेऊन गेले. पंप घेऊन आले, त्याला दिला, पण त्याने काही भागेना. दवाखाना दोन चौकांवर. आणि ही घेईना. मी सेल्फ मारतेय, मारतेय... तो काहीतरी सांगत होता. श्वासच पुरत नव्हता त्याला. लोकांनी दुसरी गाडी अडवली, पण तोवर..."

लाँड्रीतून इस्त्रीची वाफ सुटल्याचा आवाज आला. ताई दचकल्या.

"त्याचा मुलगा रोज फोन करतो. विचारतो, आत्या, तू गाडी बंदच कशाला केलीस? काय सांगू मी?" त्यांनी पदराने तोंड पुसलं. "मला गाडी दुरुस्त करून नको मिस्त्री. माझ्या हातून त्या दिवशी काय चुकलं, ते फक्त शोधून द्या. सेल्फ जास्त मारला का मी? घाईत पेट्रोल जास्त सोडलं का? तुम्ही तर चांगली करून दिली होतीत. मग माझंच काहीतरी चुकलं असणार ना?"

त्याच क्षणी बोलायला हवं होतं. मामा आजही हेच म्हणतो.

"बघतो," तो म्हणाला.

ताई गेल्यावर त्याने बॉनेट घट्ट लावलं. गाडी चांगली तापेपर्यंत फिरवली, शेडमध्ये आणली आणि बंद केली.

तापलेलं इंजिन बंद झालं की आवाज करतं. लोखंड आकसतं, टिक टिक वाजतं. तीस वर्षं हा आवाज ऐकणाऱ्याला तो ऐकूही येत नाही, इतकी सवय होते.

त्या दिवशी तो आवाज नव्हता...

मामा कान देऊन ऐकत राहिला. टिक नाही, चुरचुर नाही, काहीच नाही. समोर टायरवाल्याचा हातोडा चालू होता, रस्त्यावर हॉर्न वाजत होते. फक्त या गाडीतून आवाज येत नव्हता.

त्याने थोडा वेळ जाऊ दिला आणि सेल्फ मारला. इंजिन घेईना.

बॉनेट उघडून त्याने करंट बघितला. प्लगला ठिणगीच नव्हती! प्लगला करंट पुरवणारी कॉईल तापून मेली होती. निवली की जिवंत होत असणार. हेच ते दुखणं. त्या दिवशी बॉनेट लावून एक चक्कर मारली असती, तर तेव्हाच सापडलं असतं.

मामा बंपरवर बसला.

मग माणूस जे करतो तेच त्याने केलं. मनातल्या मनात वाक्य जुळवायला सुरुवात केली. 'ताई, कॉईल अचानक गेली. जुना पार्ट, कधी जाईल सांगता येत नाही. कुणाचीच चूक नाही.' यात खोटं काय? कॉईल गेलीच होती. हे वाक्य त्याला इतकं आवडलं की ते पुटपुटतच त्याने नवी कॉईल बसवली. पुन्हा बॉनेट लावून गाडी तापवली. पुन्हा आणून बंद केली आणि थांबला.

सेल्फ मारला.

घेईना...

बॉनेट उघडून करंट बघितला. चांगली निळी, कडक ठिणगी. पेट्रोल? भरपूर. हवा? ठीक. जे हवं ते सगळं होतं. असं इंजिन चालू न होणं शक्यच नव्हतं. तरी ते होत नव्हतं.

आणि मग त्याला तो आवाज आला.

बारीक... शिट्टीसारखा... आत ओढलेला श्वास.

मग क्षणभर काही नाही. मग बाहेर सोडलेला.

मामाला वाटलं टायरमधली हवा जातेय. चारही टायरना कान लावून आला. नंतर वाटलं कुठला तरी पाइप फाटलाय. बॉनेटमध्ये डोकं घातलं. तिथे काही नव्हतं. आवाज आतून येत होता.

काचेतून त्याने आत बघितलं. गाडी रिकामी. भट्टीसारखी तापलेली.

पण शेजारच्या सीटच्या काचेवर, आतल्या बाजूने, वाफ धरली होती. तळहाताएवढी. बसलेल्या माणसाचं तोंड येईल त्याच उंचीवर.

ती आक्रसली... पुन्हा पसरली... पुन्हा आक्रसली.

मामाने शटर कसंबसं ओढलं आणि तडक घर गाठलं. टायरवाला मागून ओरडत होता, "अरे, शटर तरी नीट पाड!"

घरी मामीने ताट वाढलं. मामाने घास कालवला आणि कालवतच राहिला.

"अहो, काय चाललंय? भाताचं पीठ कराल आता."

मामाने तिला सगळं सांगितलं. बॉनेटचं, ताईंचं, कॉईलचं. श्वासाचं तेवढं गाळलं.

मामीने डाव खाली ठेवला. "मग त्यांना सांगितलंत का?"

"कसं सांगू? तीस वर्षांचं नाव आहे माझं. उद्या बोभाटा झाला तर गॅरेजमध्ये कुत्रं फिरकणार नाही. शिवाय माणूस आधीच आजारी होता."

"होता ना आजारी. म्हणून तर गाडी लागत होती." मामीने ताट उचललं. "त्या बाईचा भाऊ गेला. आता वर तुमची चूक पण तिनेच वाहायची का? तुम्ही काय ते ठरवा. मला विचारू नका."

तिने भांडी घासायला घेतली. नेहमीपेक्षा जास्त आवाज करत घासली.

रात्रभर मामा कूस बदलत होता. पहाटे त्याला त्याचा नियम आठवला. दुखणं ज्या अवस्थेत होतं, त्याच अवस्थेत तपासायचं. गाडी त्या गल्लीत बंद पडली ना? मग त्या गल्लीत नेऊनच बघू. मनातून तो अजूनही आशेवर होता. रस्त्यावर चालू झाली, की शेडमधलं सगळं आपल्याच डोक्यातलं. मग कॉईलचं ते वाक्य ताईंना सांगून मोकळं व्हायचं.

दुपारी तो निघाला. ऊन तसंच. बॉनेट घट्ट लावलेलं. औषधाच्या दुकानासमोर, झाडाच्या अपुऱ्या सावलीत, त्याने गाडी उभी केली.

आजूबाजूला माणसं होती. सायकली, हातगाड्या, मोबाइलवर भांडणारा एक जण. भ्यायचं कारणच नव्हतं.

त्याने किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं.

आणि त्याबरोबर गल्लीचा आवाजही बंद झाला.

माणसं चालत होती. तोंडं हलत होती. समोरून ट्रक गेला... पण आवाज नाही. काचा लावलेल्या असल्या तरी इतकी शांतता नसते. मामाने शेजारच्या सीटकडे बघायचं नाही असं ठरवलं. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून तो समोर बघत राहिला.

श्वास सुरू झाला.

या वेळी अगदी कानाशी. छातीत मांजर घुरघुरावं तसा. आत ओढताना शिट्टी, सोडताना कण्हणं. मामाने सेल्फ मारला. घेईना. पुन्हा मारला. घेईना. त्याच्या लक्षात आलं, दर वेळी सेल्फ फिरला की तो श्वास जरा घाई करतो. आशेने. आणि सेल्फ थांबला की पुन्हा खाली बसतो.

"माफ करा," मामा म्हणाला. "दादा, माफ करा. माझी चूक झाली. मी बॉनेट उघडं ठेवून तपासली गाडी. आळस केला. ताईंचं काही चुकलं नाही."

समोर बघतच त्याने सगळं ओकून टाकलं. घाम डोळ्यांत जात होता.

मग सेल्फ मारला.

नाही!

श्वास लांबायला लागला. एक... मग बराच वेळ काही नाही... मग एक. मामा प्रत्येक श्वासाची वाट बघत होता. आपण स्वतः श्वास घ्यायचा विसरलोय हेही त्याला कळलं नाही. मग एक अर्धाच आला. आत गेला...

बाहेर आलाच नाही.

मामा थांबला. थांबून राहिला. पुढचा यायलाच हवा होता. तो ओरडला, "घ्या ना! दादा, घ्या श्वास!"

काचेवर टकटक झाली.

गल्लीचा सगळा आवाज एकदम परत आला. मामाने काच खाली केली. औषधाच्या दुकानातली मुलगी उभी होती, पांढरा कोट घातलेली.

"काका, मघापासून बघतेय. गाडी बंद पडलीय का? मदत पाठवू? मी आजच लागलेय इथे, पण मालकांना सांगते."

"नको. होईल चालू."

"मग त्यांना तरी आत आणून बसवा ना दुकानात. पंखा आहे." तिने मामाच्या पलीकडे बोट दाखवलं. "किती घाम आलाय बघा त्यांना. आणि ते काहीतरी सांगतायत तुम्हाला, तुम्ही बघतच नाही त्यांच्याकडे."

मामाने दार उघडलं आणि मुलीला ढकलल्यासारखं करून बाहेर पडला. मागे वळून न बघता चालत सुटला. आधी नुसताच चालला. मग कळलं की पाय ताईंच्या दुकानाकडे चाललेत.

ताई मशीनवर होत्या. त्याला बघून त्यांनी पाय थांबवला. "सापडलं?"

"सापडलं."

"माझंच ना?"

मामा दारात उभा होता. मुठीत किल्ली होती, गाडीतून कधी उपसली ते त्यालाही आठवत नव्हतं. कॉईलचं वाक्य अजून तोंडात तयार होतं. नुसतं सोडायचं होतं. त्याला दादाची भीती वाटत होती हे खरं. पण त्या घटकेला त्याला जास्त भीती ताईंची वाटली. त्या 'माझंच ना' असं विचारत होत्या, आणि 'हो' ऐकायची पूर्ण तयारी करून बसल्या होत्या.

"तुमचं नाही," तो म्हणाला. "गाडीजवळ चला. तिथे सांगतो. इथे सांगितलेलं चालणार नाही."

असं का म्हणालो ते मला माहीत नाही, असं मामा म्हणतो. तोंडून निघून गेलं.

ताई मशीनवरून उठल्या. चप्पल घातली. त्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर मात्र त्यांचे पाय अडले. त्या दिवसानंतर इथे आल्या नव्हत्या. मामाने घाई केली नाही.

गाडीजवळ उभं राहून त्याने सांगितलं. काही लपवलं नाही. बॉनेट उघडं होतं. मला दिसत होतं. पुन्हा तपासायला हवी होती, हे मला कळत होतं. मी जेवून झोपाळलो होतो. आणि तुम्हाला सांगितलं की कुठेही बंद करा. तुम्ही बंद केलीत ती माझ्यामुळे. सेल्फ कितीही मारला असता तरी चालू झाली नसती. तुमचं काहीएक चुकलं नाही. त्यांच्या मुलाचा फोन आला की माझा नंबर द्या, मी बोलतो त्याच्याशी.

बोलताना त्याचा आवाज चढला होता. हातगाडीवाला थांबून बघायला लागला. दुकानातली मुलगीही दारात आली. मामाला आता कुणाचं काही वाटत नव्हतं.

ताईंनी सगळं ऐकलं. चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

मामाने किल्ली पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही.

त्या वळसा घालून पलीकडे गेल्या. शेजारच्या सीटचं दार उघडलं. जरा वाकल्या.

"ऐकलंस ना?" त्या आत बघून म्हणाल्या. अगदी नेहमीच्या आवाजात. "बरं. चल आता. उतर."

आणि त्यांनी हात पुढे केला.

थोडा वेळ काही झालं नाही.

मग... गाडी त्या बाजूने वर आली. हळूच. स्प्रिंग कुरकुरली. माणूस उतरल्यावर गाडी किती वर येते, हे मेकॅनिकला सांगायला लागत नाही.

ताईंनी दार लोटलं. मग कोपरात हात वाकवून, हळूहळू, मध्ये मध्ये थांबत, त्या गल्लीतून चालू लागल्या. थांबायच्या आणि शेजारी बघायच्या. दमलेल्या माणसासाठी थांबावं तशा. त्यांनी एकदाही वळून मामाकडे बघितलं नाही. त्या कोपऱ्यावर दिसेनाशा होईपर्यंत मामा किल्ली पुढे धरूनच उभा होता.

मागून मुलीचा आवाज आला. "बरे दिसले आता ते काका."

मामाने गाडीत बसून सेल्फ मारला. पहिल्याच फटक्यात चालू.

गॅरेज बंद व्हायची वेळ उलटून गेली तरी मामा घरी आला नाही, म्हणून मामी बघायला गेली. शेडमध्ये पिवळी गाडी उभी होती आणि इंजिन चालू होतं. मामा आत बसला होता, दोन्ही हात मांडीवर.

"अहो, बंद करा की ते. धुराने जीव जाईल."

मामा हलला नाही.

मामीने खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली. मग त्याचा दंड धरून त्याला बाहेर काढलं. "सांगितलंत ना?"

"सांगितलं."

"मग? काय म्हणाल्या?"

"काहीच नाही म्हणाल्या गं," मामा म्हणाला आणि पोरासारखा रडायला लागला. "काहीच नाही म्हणाल्या. एक शिवी तरी द्यायची."

ताई गाडी न्यायला कधीच आल्या नाहीत. मामाने निरोप पाठवले, त्यांचं उत्तर आलं नाही. दादांच्या मुलाचा फोन मात्र आला. तो जे बोलला ते मामाने ऐकून घेतलं. आत्याला आता काही विचारत नाही, एवढं त्याने शेवटी सांगितलं.

गाडी अजून शेडच्या मागच्या कोपऱ्यात आहे. कुठल्याही उन्हात, कितीही तापवून बंद केली, तरी लगेच चालू होते. मी स्वतः बघितलंय. आत बसायचं धाडस मात्र मी केलं नाही. त्या मुलीने काय बघितलं, हे विचारायला मी एकदा त्या औषधाच्या दुकानात गेलो होतो. म्हणाली, "कुठले काका?"

तुम्ही म्हणाल, उन्हाने आणि अपराधाने माणसाचं डोकं फिरतं. मीही तसंच म्हणायचो.

पण परवा मी मामाकडे गेलो होतो. दुपारची वेळ. गॅरेजसमोरचा रस्ता अरुंद आहे, त्यात टायरवाल्याने टायरची चवड बाहेर मांडलेली. जेमतेम दोन माणसं शेजारी-शेजारी जातील एवढी वाट. लांबून ताई येताना दिसल्या. एकट्या. हळू चालत होत्या, रस्त्याच्या एका कडेने. शेजारी बरीच जागा सोडून.

मामा बोलत होता तो मध्येच थांबला. वाटेतला जॅक त्याने घाईने उचलला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला. मलाही दंडाला धरून मागे ओढलं.

"अरे, त्या एकट्याच तर आहेत," मी म्हणालो. "जातील की."

मामा खाली बघत उभा राहिला. ताई आमच्यासमोरून गेल्या. त्यांनी बघितलंही नाही.

त्या पुढे गेल्या, तरी मामाने मला सोडलं नाही. आणखी थोडा वेळ धरून ठेवलं.

मग सोडलं.